आधी बोट, मग हॉटेल: बेटांच्या आणि किनाऱ्यांच्या सहलीबद्दल वाचकांचे प्रश्न

या महिन्यात समुद्राकडे तोंड करून बसलेली पत्रं जास्त आली. शाळांना सुट्ट्या लागायच्या आत बेत ठरवायचे म्हणून अंदमान, लक्षद्वीप, मालवण आणि आपला कारवार-उडुपी किनारा यांचे प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न: आम्ही चौघं आणि माझ्या सासूबाई (वय 68, गुडघे दुखतात) एप्रिलमध्ये अंदमानला जाणार आहोत. एजंटाने सात रात्रींचा आराखडा दिलाय: पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील, बाराटांग, दिगलीपूर, पुन्हा पोर्ट ब्लेअर. सात रात्रींत पाच हॉटेलं. एवढं जमेल का? बेळगावातून जायचं कसं?
– एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर: दिगलीपूर आधी खोडा. रस्त्याने ते पोर्ट ब्लेअरहून तीनशे किलोमीटरच्या वर आहे आणि जायला दहा-बारा तास लागतात. तिथली रॉस आणि स्मिथ ही वाळूच्या पट्टीने जोडलेली बेटं सुंदर आहेत, वादच नाही. पण त्यासाठी तिकडे किमान दोन रात्री हव्यात आणि जाण्या-येण्याचे दोन दिवस वेगळे. सात रात्रींत ते बसवलं की बाकी सगळीकडे नुसतं तोंड दाखवून निघावं लागतं.

एजंटाचे कागद जुन्या नावांनी चालतात आणि तिकिटं नव्या नावांनी येतात, तेव्हा जोड्या लक्षात ठेवा: पोर्ट ब्लेअर म्हणजे श्री विजयपुरम (2024 पासून), हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप, नील म्हणजे शहीद द्वीप, आणि पोर्ट ब्लेअरसमोरचं रॉस म्हणजे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप (ही तिन्ही 2018 पासून). दिगलीपूरचं रॉस वेगळं, पोर्ट ब्लेअरचं वेगळं. यात बऱ्याच जणांची गल्लत होते.

आता मांडणी. बेटांच्या सहलीत हॉटेल सहसा मिळतं, बोटीतली जागा मिळत नाही. एप्रिलच्या सुट्टीत तर नाहीच. म्हणून आधी पोर्ट ब्लेअर–स्वराज, स्वराज–शहीद आणि शहीद–पोर्ट ब्लेअर अशा तीन टप्प्यांच्या बोटींची तिकिटं पक्की करा, आणि त्या तारखांना हॉटेलं लावा. खासगी वेगवान बोटींचं आरक्षण बरंच आधी खुलं होतं आणि स्वराज द्वीपला त्या दीड-दोन तासांत नेतात. सरकारी बोट स्वस्त, पण सावकाश. तिची तिकिटं थोडेच दिवस आधी सुटतात आणि पटकन संपतात. सासूबाई बरोबर असताना सरकारी बोटीच्या भरवशावर राहू नका. तिकिटावरचं नाव ओळखपत्राप्रमाणे अक्षरन् अक्षर हवं. मुलांचीही ओळखपत्रं बरोबर ठेवा आणि धक्क्यावर तासभर आधी पोचा.

पहिली रात्र पोर्ट ब्लेअरला काढा. सकाळी विमान उतरलं की दुपारी बोट धरायची, असा बेत काही एजंट लावतात. विमानाला उशीर झाला तर बोट तुमच्यासाठी थांबत नाही आणि पैसेही बहुधा बुडतात. पहिल्या दिवशी सेल्युलर जेल बघा. 1906 मध्ये पुरी झालेल्या या तुरुंगाच्या सात भुजांपैकी आज तीनच उभ्या आहेत. सावरकरांच्या कोठडीपर्यंत जिने चढावे लागतात; सासूबाईंना खालच्या आवारात बसवून आळीपाळीने वर जा, आणि संध्याकाळचा ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम सगळ्यांनी मिळून बघा.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने स्वराज द्वीप. तिथे तीन रात्री द्या, कमी नकोत. राधानगर किनारा, एलिफंट बीच आणि एक दिवस मोकळा. मोकळा दिवस ही चैन नव्हे. वाऱ्यामुळे एखादी बोट रद्द झाली तर तोच दिवस कामी येतो. एलिफंट बीचला छोट्या बोटीतून गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं; सासूबाईंना ते झेपणार नसेल तर राधानगर बरा, तिथे गाडी जवळपर्यंत जाते. पाचव्या दिवशी शहीद द्वीप, एक रात्र. तिथला खडकाचा नैसर्गिक पूल ओहोटीलाच गाठता येतो, म्हणून उतरल्या उतरल्या हॉटेलवाल्याला ओहोटीची वेळ विचारा आणि त्याप्रमाणे दिवस लावा. सहाव्या दिवशी परत पोर्ट ब्लेअर आणि शेवटच्या दोन रात्री तिथेच. परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री दुसऱ्या बेटावर राहू नये, हा अंदमानातला पहिला नियम धरा. वारा सुटला की बोटी थांबतात, विमान थांबत नाही.

सातवा दिवस बाराटांगला द्यायचा की रॉसला, हे घरात बसून ठरवा. बाराटांगसाठी पहाटे साडेतीनच्या सुमारास निघावं लागतं, कारण जिरकाटांग नाक्यावरून जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रात गाड्या ठरलेल्या वेळी ताफ्यानेच सोडतात आणि पहिला ताफा सहाचा असतो. पुढे मोठ्या नावेतून खाडी ओलांडायची, मग तिवरांमधून अर्धा तास छोटी बोट, मग चुनखडीच्या गुहेपर्यंत दीडेक किलोमीटर चढउताराची वाट. दुखऱ्या गुडघ्यांना हे नको. गुहा सोमवारी बंद असतात. आणि जो कोणी जाईल त्याने हे पक्कं लक्षात ठेवावं: त्या रस्त्यावर गाडी थांबवणं, जारवांचे फोटो काढणं, त्यांना खाऊ देणं हा 1956 च्या आदिवासी संरक्षण नियमाखाली गुन्हा आहे. ‘जारवा दाखवतो’ म्हणणारा चालक भेटला तर गाडी बदला. तुमच्यासाठी रॉस बेट बरं. बोटीचा प्रवास छोटा आहे आणि बेटावर विजेवर चालणाऱ्या गाड्या मिळतात.

घड्याळाचंही सांभाळा. अंदमान आपल्या पूर्वेला सुमारे 18 रेखांश आहे, पण वेळ भारताचीच. त्यामुळे बेळगावपेक्षा सूर्य जवळजवळ सव्वा तास आधी उगवतो आणि मावळतो. एप्रिलमध्ये पाचच्या पुढे उजाडतं आणि साडेपाचला सूर्यास्त. ‘चहा घेऊन निवांत सहाला किनाऱ्यावर जाऊ’ म्हणाल तर अंधारच दिसेल.

सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, थेट विमान नाही. बंगळुरू, हैदराबाद किंवा चेन्नईमार्गे जावं लागतं आणि पोर्ट ब्लेअरची बरीच विमानं सकाळी लवकर सुटतात. आदल्या दिवशी बंगळुरूला पोचून विमानतळाजवळ मुक्काम करा. रात्रीच्या राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने जाऊन पहाटे उतरायचं आणि तसंच विमानतळ गाठायचं, असा धाडसी बेत करू नका. देवनहळ्ळीचा विमानतळ बंगळुरू शहरापासून पस्तीसेक किलोमीटर लांब आहे. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर काढली तर पहिल्याला उशीर झाल्यास पुढची सोय विमान कंपनीला करावी लागते. वेगवेगळी काढली तर नुकसान तुमचं.

महिना मात्र तुम्ही अचूक धरलाय. आपल्याकडच्या शाळांना एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून सुट्टी लागते, आणि मेच्या मध्यानंतर मान्सून अंदमानात पोचेपर्यंत समुद्र बहुतेक शांत असतो. दसऱ्याच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी बंगालच्या उपसागरातल्या वादळांचा हंगाम डोक्यात ठेवावा. मासे खाणाऱ्यांसाठी एक: पूर्व किनाऱ्यावर आणि अंदमानात 15 एप्रिल ते 14 जून यांत्रिक मासेमारीला बंदी असते. ताजा मोठा मासा हवा तर त्याआधीचे दिवस धरा.

प्रश्न: मला घाटातसुद्धा उलटी होते. बोटीत काय होईल?
– एक वाचक, निपाणी

उत्तर: गोळी उशिरा घेतली जाते, हीच खरी अडचण. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकतच नाही. अ‍ॅव्होमाइनसारखी गोळी निघण्याआधी तास-दीड तास घ्यायची असते. ती झोप आणते, म्हणून त्या दिवशी गाडी चालवू नये आणि मद्य घेऊ नये. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांनी, गरोदर बायकांनी आणि लहान मुलांसाठी आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

बसायला बोटीचा मधला भाग, खालचा मजला. पुढचं टोक सगळ्यात जास्त उसळतं, आणि नेमकी तिथलीच तिकिटं महाग विकतात. फोनकडे बघू नका, क्षितिजाकडे बघा. उपाशीपोटी चढू नका. कोरडी इडली किंवा दोन बिस्किटं पोटात असू द्या. वडा-रस्सा परतल्यावर.

प्रश्न: आमच्या भिशीतल्या पाच जणी दिवाळीनंतर पाच दिवसांसाठी किनाऱ्याला जाणार. गाडी करायची नाही, बसनेच. कारवारपासून सुरुवात करावी म्हणतो. बेट एक तरी हवंच.
– एक वाचक, खानापूर

उत्तर: कारवारपासून सुरू करू नका, तिथे संपवा. पहिल्याच रात्री बसने थेट उडुपी गाठा आणि मग रोज थोडं थोडं उत्तरेकडे, घराच्या दिशेने या. दोन फायदे होतात. शेवटच्या दिवशी थकलेल्या अंगाने रात्रभराचा प्रवास राहत नाही. आणि वाऱ्यावर अवलंबून असलेलं ठिकाण, म्हणजे मलपेजवळचं सेंट मेरीज बेट, सुरुवातीला येतं. एक दिवस बोट बंद असली तर दुसरा हाताशी असतो.

पहिल्या दिवशी उडुपीत मठ, थोडी विश्रांती, संध्याकाळी कापूचा 1901 सालचा दीपस्तंभ. दुसऱ्या दिवशी सकाळी मलपे बंदरातून बेट. पावसाळ्यात, साधारण मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, ही सेवा बंद असते. दिवाळीनंतर अडचण नसावी. बोट ठरावीक माणसं झाल्याशिवाय सुटत नाही, म्हणून आडवारी गेलात तर थांबावं लागेल. पाच जणी मिळून भरपाई देऊन बोट सोडायचा मोह होईल; अर्धा तास कळ काढा, माणसं येतात. बेटावर सहा-सात कोनांचे, रचून ठेवल्यासारखे दगडी खांब आहेत. सुमारे 8 कोटी 80 लाख वर्षांपूर्वी मादागास्कर भारतापासून सुटं होत असताना वर आलेला लाव्हा निवताना आकसला, तडकला आणि असे खांब झाले. वाळू थोडी, शिंपल्यांचा चुरा जास्त. अनवाणी चालता येत नाही, आणि शेवाळलेल्या खांबांवर रबरी चप्पल घसरते. मागे पट्टा असलेली सॅंडल घाला. राहायची सोय बेटावर नाही, पाणी बरोबर न्या.

दुपारी मुर्डेश्वर, शंभरेक किलोमीटर. वाटेत मरवंतेला रस्त्याच्या एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला सौपर्णिका नदी दिसते; समुद्र डावीकडे, त्या बाजूची खिडकी धरा. हमरस्त्यावरची बस मुर्डेश्वरच्या कमानीपाशी उतरवते, देऊळ तिथून आत आहे, रिक्षा करावी लागते. सकाळी लवकर गोपुराच्या लिफ्टची रांग धरा. वरून 123 फुटी शंकर आणि दोन्ही बाजूंचा समुद्र दिसतो. दहाच्या पुढे रांग वाढते. तिसऱ्या दिवशी होन्नावरला उतरून शरावतीच्या खाडीतला तिवरांमधला लाकडी पूल आणि कासरकोडचा किनारा बघा. कासरकोड हा 2020 मध्ये ब्लू फ्लॅग (स्वच्छ किनाऱ्याचं आंतरराष्ट्रीय मानांकन) मिळालेल्या कर्नाटकातल्या दोन किनाऱ्यांपैकी एक, दुसरा उडुपीकडचा पडुबिद्री. संध्याकाळी गोकर्ण. मादनगेरीच्या फाट्यावरून आत वळावं लागतं, म्हणून कुमठ्याला उतरून गोकर्णची थेट बस घेणं सोपं. रेल्वेने येणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं, गोकर्ण रोड स्टेशन गावापासून लांब आहे.

चौथा दिवस गोकर्णला, पाचव्या दिवशी कारवार आणि अंकोला-यल्लापूरमार्गे परत. कुर्मगड बेटासाठी कारवारहून वेगळी बोट करावी लागते. या वेळी सोडा.

पैशाचं म्हणाल तर शक्ती योजनेत कर्नाटकातल्या रहिवासी बायकांना साध्या आणि वेगदूत बसमध्ये शून्य तिकीट मिळतं. आधारावर पत्ता कर्नाटकाचा हवा. राजहंस, स्लीपर, एसी बसला ते चालत नाही. आणि गोव्यातून जाणारी बस आंतरराज्य ठरते, तिथे ही सवलत विसरा. म्हणूनच वर यल्लापूरचा रस्ता सांगितलाय. आमचं मत विचाराल तर पहिल्या रात्री पैसे भरून स्लीपरने जा आणि बाकीचे चार दिवस फुकट फिरा. रात्रभर बसून गेलेल्या माणसाचा पहिला दिवस झोपेतच जातो.

भाषेचं काय, अशी धास्ती एकीने लिहिली आहे. तुम्हाला कशाची धास्ती? कारवार-अंकोल्यात कोकणी चालते, पुढे तुमचं खानापुरी कन्नड पुरतं, आणि उडुपीकडे तुळू बोलणारेही कन्नडमध्ये उत्तर देतात.

प्रश्न: मागच्या सुट्टीत मालवणजवळच्या देवबागला ‘त्सुनामी बेट’ बघायला गेलो. बोटवाल्याने कंबरभर पाण्यात उभं केलं आणि म्हणाला हेच बेट. फसवलं का?
– एक वाचक, बेळगुंदी

उत्तर: बेट तेच होतं, वेळ चुकली. कर्ली नदीच्या मुखाशी साचलेली ती वाळूची पट्टी आहे. भरतीला बुडते, ओहोटीला उघडी पडते. बोटवाल्याने वेळ सांगायला हवी होती, हे मात्र खरं.

कोकणात भरतीचा एक सोपा आडाखा आहे: तिथीची पाऊणपट. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमेनंतर तिथी पुन्हा एकपासून मोजायची. दिवसातली दुसरी भरती सुमारे साडेबारा तासांनी, आणि ओहोटी भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी. भरती रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते, त्यावरूनच हा हिशेब निघालाय. मालवणपासून कारवारपर्यंत तो अंदाजापुरता वापरा, तासभराची चूक धरून. अंदमानात अजिबात वापरू नका, तिथलं पाणी वेगळ्या वेळेला चढतं.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. पाणी खूप वर येतं, पण ओहोटीला खूप खालीही जातं, म्हणून वाळूची पट्टी मोठी उघडी पडते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा फरक थोडा. तुम्हाला बेट कोरडं बघायचं आहे, तर पौर्णिमेनंतरच्या दोन-तीन दिवसांत ओहोटीच्या तासभर आधी बोटीत बसा. पाणी चढायला लागलं की फोटोसाठी रेंगाळू नका. नदीच्या मुखाशी ओढ जोराची असते.

बेळगावहून शिनोळी, चंदगड, आंबोली, सावंतवाडी असा सरळ रस्ता आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बोटी मेच्या अखेरीपासून पावसाळाभर बंद राहतात, हेही जाता जाता.

प्रश्न: लक्षद्वीपला बेळगावातून थेट काही आहे का?
– एक वाचक, हल्याळ

उत्तर: नाही. बहुतेक जण कोचीहून जातात. मडगावहून कोकण रेल्वेने एर्नाकुलम सोयीचं. तिथून अगत्तीला छोटं विमान किंवा जहाज, जहाजाला चौदा तास आणि वर. भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो. तो हातात पडेपर्यंत परत न होणारं तिकीट काढू नका. लोक नेमकं उलटं करतात. 36 बेटांपैकी माणसं राहतात ती 10, आणि पर्यटकांना त्यातली थोडीच खुली. ऑक्टोबर ते मेचा पहिला पंधरवडा हाच हंगाम. बंगाराम सोडलं तर सगळीकडे दारूबंदी आहे.

प्रश्न: पोहता येत नाही. नेत्राणीला किंवा अंदमानात स्कूबा करता येईल का?
– एक विद्यार्थी, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर: येईल. नवशिक्यांसाठीच्या डुबकीत प्रशिक्षक शेवटपर्यंत तुम्हाला धरून असतो आणि 12 मीटरच्या खाली नेत नाही. अडतं ते कानांपाशी. खाली जाताना दर मीटरला नाक चिमटून हलकी फुंकर मारायची, दुखायच्या आधीच. दुखायला लागल्यावर जोर केला तर पडद्याला इजा होते. सर्दी असेल तर त्या दिवशी पाण्यात उतरूच नका, औषध घेऊनही नाही. दमा, हृदयविकार, फिट येण्याचा त्रास आरोग्याच्या अर्जात लपवू नका. डुबकीनंतर 18 तास विमानात बसू नये, रक्तातल्या नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा धोका असतो. म्हणून अंदमानात स्कूबा सहलीच्या मध्यावर ठेवा.

नेत्राणी मुर्डेश्वरपासून दीडेक तास बोटीवर आहे. तिथे लोक पाण्यात कमी आणि बोटीवर जास्त हैराण होतात. निपाणीकरांना दिलेलं उत्तर वाचा.

प्रश्न: मुलं किनाऱ्यावर शंख वेचतात. अंदमानहून आणले तर चालतात का?
– एक वाचक, चिकोडी

उत्तर: नाही. प्रवाळ, मेलेलं असलं तरी, आणि बरेचसे शंख-शिंपले 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. पोर्ट ब्लेअरच्या विमानतळावर बॅगा तपासताना ते सापडतात, जप्त होतात आणि वर चौकशीचा ताप. शंख हवाच असेल तर परवानाधारक दुकानातून घ्या आणि पक्कं बिल मागा. बिल मोठ्या बॅगेत टाकू नका, हातातल्या पिशवीत ठेवा; विचारणा होते तेव्हा मोठी बॅग सरकत्या पट्ट्यावरून पुढे गेलेली असते.